पोकेमॉन खेळांतील विजोड क्षमता आणि चाली

पोकेमॉन या जपानी व्हिडिओ गेम मालिकेत प्रत्येक जीवाला एक क्षमता आणि काही चाली नेमून दिलेल्या असतात. बहुतेक जीवांच्या बाबतीत ही नेमणूक त्यांच्या रूपाशी व गुणांशी जुळते. काही जीवांच्या वाट्याला मात्र त्यांच्या बळाशी न जुळणारी, क्वचित त्यांनाच अपायकारक ठरणारी क्षमता किंवा चाल आलेली दिसते. अशा नेमणुकीला या लेखात 'विजोड' म्हटले आहे. विजोडपणाची कारणे साधारणपणे तीन प्रकारची आहेत : खेळाच्या जुन्या नियमांतील त्रुटी, अतिबलवान जीवाला आवर घालण्याची योजना, आणि त्या जीवामागील मूळ कल्पना. खेळाडूंनी यांतील अनेक दोषांचा उपयोग करून घेण्याच्या युक्त्या शोधल्या असून मालिकेच्या नियमांत वेळोवेळी झालेल्या बदलांशीही या विषयाचा जवळचा संबंध आहे.

पार्श्वभूमी

मालिकेतील पहिले खेळ, पोकेमॉन रेड आणि ग्रीन, २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये निन्टेंडोच्या गेम बॉय या हातात धरायच्या यंत्रासाठी प्रसिद्ध झाले. त्यांची निर्मिती सातोशी ताजिरी यांच्या गेम फ्रीक या संस्थेने केली. या खेळांत १५१ जीव होते.

लढत फेऱ्याफेऱ्यांनी चालते. प्रत्येक फेरीत खेळाडू आपल्या जीवाला एक चाल करायला सांगतो किंवा त्याला माघारी बोलावून दुसरा जीव उतरवतो. एका जीवाला एका वेळी चारच चाली लक्षात ठेवता येतात. जीवाचे बळ सहा गुणांकांनी मोजले जाते : प्राणशक्ती, हल्ला, बचाव, विशेष हल्ला, विशेष बचाव आणि वेग. (पहिल्या खेळांत विशेष हल्ला व विशेष बचाव यांचा मिळून एकच गुणांक होता.) एखाद्या जातीच्या मूळ गुणांकांची बेरीज पाहिली की तिच्या बळाचा ढोबळ अंदाज येतो. याखेरीज प्रत्येक जीव आणि प्रत्येक चाल अग्नी, जल, विद्युत, भूत, खडक अशा एखाद्या प्रकारात मोडते. जीवाने स्वतःच्या प्रकाराची हल्ल्याची चाल केल्यास तिचा जोर दीडपट होतो. म्हणून जीवाला त्याच्याच प्रकाराची चांगली चाल मिळते की नाही, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

क्षमता ही संकल्पना २१ नोव्हेंबर २००२ रोजी जपानमध्ये प्रसिद्ध झालेल्या रुबी आणि सफायर या खेळांत प्रथम आली. चाल खेळाडू निवडतो, तर क्षमता न सांगता आपोआप लागू होते. उदाहरणार्थ, लेव्हिटेट ही क्षमता असलेल्या जीवावर भूमी प्रकाराच्या हल्ल्यांचा परिणाम होत नाही. २०१० मधील ब्लॅक आणि व्हाइट या खेळांपासून अनेक जातींना 'छुपी क्षमता' हा आणखी एक पर्याय मिळाला.

आरंभीच्या खेळांतील विसंगती

पहिल्या खेळांत काही जीवांना त्यांच्या रूपाला साजेशा चालीच नव्हत्या. पंख असलेला आणि उडता प्रकार लाभलेला चारिझार्ड रेड व ब्लू या खेळांत फ्लाय ही उडण्याची चाल शिकू शकत नसे. यलो या पुढील आवृत्तीत ती त्याला मिळाली. एरोडॅक्टिल हा खडक प्रकाराचा जीव एकही खडक प्रकाराची चाल शिकत नसे. ड्रॅगन प्रकाराची ड्रॅगन रेज ही एकच चाल होती व ती प्रतिस्पर्ध्याची प्राणशक्ती नेहमी ४० नेच कमी करी. त्यामुळे ड्रॅगनाइटला आपल्या प्रकाराचा दीडपट लाभ मिळण्याची सोयच नव्हती.

दुसरी विसंगती नियमांच्या रचनेतून आली होती. चाल शारीरिक की विशेष, हे सुरुवातीस तिच्या प्रकारावरून ठरत असे. अग्नी, जल, विद्युत, तृण, हिम, मानसिक, ड्रॅगन आणि पुढे आलेला अंधार या प्रकारांच्या सर्व चाली विशेष मानल्या जात. त्यांचा जोर विशेष हल्ल्याच्या गुणांकावर अवलंबून असे, मग ती चाल नखांनी ओरबाडण्याची असो वा दातांनी चावण्याची. किंगलर या खेकड्यासारख्या जीवाचा हल्ला १३० आणि विशेष गुणांक ५० होता. त्याची क्रॅबहॅमर ही नांगीने प्रहार करण्याची चाल जल प्रकाराची असल्यामुळे तिच्यासाठी हा दुबळा गुणांकच धरला जाई. अंधार व हिम या दोन प्रकारांच्या स्नीझलची अवस्था याहून बिकट होती. त्याचा हल्ला ९५ आणि विशेष हल्ला अवघा ३५ असून त्याचे दोन्ही प्रकार विशेष गणले जात.

२८ सप्टेंबर २००६ रोजी जपानमध्ये आलेल्या डायमंड आणि पर्ल या खेळांत हा नियम बदलला व प्रत्येक चाल स्वतंत्रपणे शारीरिक किंवा विशेष ठरवण्यात आली. स्नीझल, किंगलर यांसारख्या जीवांना या बदलाचा लाभ झाला. फ्लेरिऑनला मात्र तो लगेच मिळाला नाही. अग्नी प्रकाराच्या या जीवाचा हल्ला १३० असूनही फ्लेअर ब्लिट्झ ही १२० जोराची शारीरिक अग्निचाल त्याला दिली गेली नाही. ६५ जोराच्या फायर फँगवर त्याला भागवावे लागले. २०१३ मधील एक्स आणि वाय या खेळांत त्याला फ्लेअर ब्लिट्झ मिळाली.

आवर घालणाऱ्या क्षमता

काही जीवांना अपायकारक क्षमता हेतुपूर्वक दिलेली आहे. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे स्लेकिंग. आळशी वानरासारख्या दिसणाऱ्या या जीवाच्या मूळ गुणांकांची बेरीज ६७० असून ती त्याच खेळांतील ग्राउडन व कायोगर या पुराणकथेतील बलाढ्य जीवांइतकीच आहे. त्याचा हल्ला १६०, प्राणशक्ती १५० आणि वेग १०० आहे. मात्र ट्रुअंट या क्षमतेमुळे तो एका फेरीत चाल करतो आणि पुढच्या फेरीत नुसता बसून राहतो. त्याच्या उत्क्रांतीचा क्रमही बोलका आहे. पहिली अवस्था असलेला स्लेकॉथ आळशी, मधला व्हिगोरॉथ क्षणभरही स्वस्थ न बसणारा व झोप न येणारा, आणि अखेरचा स्लेकिंग पुन्हा आळशी. रुबी आणि सफायरमध्ये नायकाचे वडील नॉर्मन हे स्लेकिंग घेऊन लढतात. त्यांच्याशी लढताना नवख्या खेळाडूला स्लेकिंगच्या विश्रांतीच्या फेऱ्या ओळखून त्यांचा लाभ घेण्याची सवय लागते. कसलेले खेळाडू स्लेकिंगच्या हल्ल्याच्या फेरीत प्रोटेक्ट ही बचावाची चाल करतात आणि विश्रांतीच्या फेरीत प्रहार करतात.

डायमंड आणि पर्लमधील रेजिगिगासच्या गुणांकांची बेरीजही ६७० आहे. स्लो स्टार्ट या क्षमतेमुळे लढतीत उतरल्यापासून पाच फेऱ्यांपर्यंत त्याचा हल्ला आणि वेग निम्मा राहतो. त्याला माघारी बोलावून पुन्हा उतरवल्यास पाच फेऱ्यांची मोजणी नव्याने सुरू होते. जवळजवळ प्रत्येक जीव शिकू शकेल अशी प्रोटेक्ट ही चालही आरंभीच्या अनेक खेळांत रेजिगिगासला नव्हती. तिच्या आड राहून फेऱ्या काढण्याचा सोपा मार्ग त्यामुळे बंद होता. येथे क्षमता आणि चालींची यादी या दोहोंनी मिळून एकाच जीवाला आवर घातलेला दिसतो.

ब्लॅक आणि व्हाइटमधील आर्किऑप्स आर्किओप्टेरिक्स या जीवाश्मरूपात सापडलेल्या पक्षिसदृश प्राण्यावर बेतलेला आहे. त्याचा हल्ला १४०, विशेष हल्ला ११२ आणि वेग ११० आहे. प्राणशक्ती निम्म्यावर आली की डिफिटिस्ट या क्षमतेमुळे त्याचे दोन्ही प्रकारचे हल्ले निम्मे होतात. त्याचा बचावही दुबळा असल्याने प्रतिस्पर्ध्याला पहिला घाव घालू न देणे हाच त्याच्या वापराचा मार्ग ठरतो.

चालींचे दारिद्र्य

काही जीवांना क्षमतेऐवजी चालींच्या कमतरतेने बांधून ठेवलेले आहे. मॅजिकार्प या माशाची पहिली चाल स्प्लॅश. तिचा लढतीत काहीही परिणाम होत नाही. पंधराव्या पातळीवर त्याला टॅकल ही साधी धडक मिळते. रेड आणि ब्लूमध्ये माउंट मूनजवळ एक विक्रेता हा मासा खेळातील ५०० च्या किमतीला विकतो. विसाव्या पातळीवर या निरुपयोगी माशाचे ग्यारडोस या उग्र जीवात रूपांतर होते. सध्याच्या मोजणीनुसार मॅजिकार्पच्या गुणांकांची बेरीज २००, तर ग्यारडोसची ५४० आहे. आरंभीच्या दारिद्र्यामुळेच या रूपांतराला मोल येते.

अनओन हे जीव रोमन लिपीतील अक्षरांच्या आकाराचे असून प्रश्नचिन्ह व उद्गारचिन्ह धरून त्यांची २८ रूपे आहेत. ते हिडन पॉवर ही एकच चाल शिकतात. त्यांचे महत्त्व कोडी आणि संग्रह यांपुरते असून लढतीत त्यांना फारसे स्थान नाही.

डिट्टोला ट्रान्सफॉर्म ही एकच चाल येते. तिच्यामुळे तो समोरच्या जीवाचे रूप, चाली आणि प्राणशक्ती सोडून इतर गुणांक घेतो. परंतु रूपांतर होण्यातच एक फेरी खर्च होत असल्याने प्रतिस्पर्ध्याला घाव घालण्याची संधी मिळे. ब्लॅक आणि व्हाइटमध्ये इम्पॉस्टर ही छुपी क्षमता आली आणि डिट्टो लढतीत उतरताक्षणीच रूपांतरित होऊ लागला. चालीतील उणीव क्षमतेने भरून काढल्याचे हे ठळक उदाहरण होय.

स्मिअर्गल याच्या उलट टोकाला आहे. त्याला स्केच ही एकच चाल शिकता येते. ती समोरच्या जीवाने नुकतीच केलेली चाल कायमची आत्मसात करते, म्हणजे जवळपास कोणतीही चाल त्याला मिळू शकते. या मुक्त निवडीची किंमत म्हणून त्याच्या गुणांकांची बेरीज अवघी २५० ठेवलेली असून त्याचे हल्ला व विशेष हल्ला प्रत्येकी २० आहेत. परिणामी खेळाडू त्याला घाव घालण्यासाठी न वापरता प्रतिस्पर्ध्याला झोपवणे, सोबत्याला मदत करणे अशा कामांसाठी वापरतात.

शेडिंजा

रूप, गुणांक आणि क्षमता यांचा एकत्र विचार केल्याशिवाय ज्याचा अर्थ लागत नाही, असा जीव म्हणजे शेडिंजा. निनकाडा हा कीटक विसाव्या पातळीवर निन्जास्क या वेगवान जीवात उत्क्रांत होतो. त्या वेळी खेळाडूच्या चमूत एक जागा रिकामी असल्यास मागे उरलेली कात शेडिंजा म्हणून जिवंत होते. डायमंड व पर्लपासून त्यासाठी एक शिल्लक पोके बॉलही लागतो. जमिनीतून बाहेर येऊन झाडावर कात टाकणाऱ्या सिकाडा किड्याच्या जीवनक्रमावर ही कल्पना आधारलेली आहे.

शेडिंजाची प्राणशक्ती कोणत्याही पातळीवर १ च असते. मात्र वंडर गार्ड या क्षमतेमुळे त्याच्या प्रकारावर विशेष परिणामकारक असलेले हल्लेच त्याला इजा करू शकतात. कीटक आणि भूत या त्याच्या प्रकारांमुळे असे हल्ले अग्नी, उडता, खडक, भूत आणि अंधार या पाच प्रकारांचे असतात. या पाचांपैकी एकही चाल नसलेल्या प्रतिस्पर्ध्यापुढे शेडिंजा जवळजवळ अभेद्य ठरतो. उलट वाळूचे वादळ, विषबाधा किंवा भाजल्याची इजा थेट हल्ल्यात मोडत नसल्याने ती वंडर गार्डला ओलांडून त्याला तत्काळ बाद करते. हीच क्षमता भरपूर प्राणशक्तीच्या जीवाला मिळाली असती तर लढतीला अर्थ उरला नसता. म्हणून क्षमतांची अदलाबदल करणारी स्किल स्वॅप आणि क्षमतेची नक्कल करणारी रोल प्ले या दोन्ही चाली वंडर गार्डवर चालत नाहीत.

न संपणारी लढत

क्षमता व चालींच्या जोडणीतून निर्मात्यांना नियम बदलावा लागल्याचे उदाहरण वॉबफेट या जीवाने दिले. त्याला स्वतःहून हल्ला करता येत नाही. काउंटर व मिरर कोट या चालींनी तो आलेला घाव दुप्पट करून परत करतो. त्याची प्राणशक्ती १९० आहे आणि शॅडो टॅग या क्षमतेमुळे प्रतिस्पर्ध्याला आपला जीव माघारी बोलावता येत नाही. स्वतंत्रपणे पाहता निरुपद्रवी वाटणाऱ्या या गोष्टी एकत्र आल्यावर अत्यंत प्रभावी ठरल्या. स्मोगन या खेळाडूंच्या समुदायाने आपल्या नियमांत त्याला सर्वसाधारण लढतींतून वगळले.

दोन वॉबफेट समोरासमोर आल्यास अधिकच विचित्र स्थिती उद्भवे. दोघांनाही माघार घेता येत नसे. चाली संपल्यावर दोघेही स्ट्रगल हा नाइलाजाचा हल्ला करत, पण दोघांजवळ लेफ्टओव्हर्स ही वस्तू असल्यास झालेली इजा दर फेरीला भरून निघे आणि लढत संपतच नसे. डायमंड आणि पर्लमध्ये शॅडो टॅग असलेल्या जीवांवर परस्परांच्या शॅडो टॅगचा परिणाम होणार नाही असा बदल करण्यात आला. स्ट्रगल करणाऱ्याला स्वतःच्या एकूण प्राणशक्तीच्या एक चतुर्थांश इजा व्हावी, असाही नियम आला.

दोषाचा उपयोग

खेळाडूंनी अनेक विजोड जोडण्यांचा लाभ करून घेतला आहे. ड्युरंट या मुंगीसारख्या जीवाची छुपी क्षमता ट्रुअंट आहे. सामान्यतः ती तोट्याची. पण ड्युरंटला एन्ट्रेनमेंट ही चालही येते व ती समोरच्या जीवाची क्षमता बदलून स्वतःसारखी करते. अशा प्रकारे आपला आळस प्रतिस्पर्ध्यावर लादला की त्याला दर दुसरी फेरी गमवावी लागते. त्या जीवाला माघारी बोलावल्यास मूळ क्षमता परत येते.

दोघांविरुद्ध दोघे अशा जोडीच्या लढतींत स्वतःच्याच सोबत्यावर हल्ला करणेही फायद्याचे ठरते. टेराकियनची जस्टिफाइड ही क्षमता अंधार प्रकाराचा प्रत्येक घाव बसला की हल्ला एका टप्प्याने वाढवते. त्याच्याहून थोडा वेगवान असलेला व्हिम्सिकॉट त्याच्यावर बीट अप ही अंधार प्रकाराची चाल करतो. चमूतील प्रत्येक सुदृढ जीवामागे तिचा एक हलका घाव बसतो. चार घाव बसल्यास टेराकियनचा हल्ला तिप्पट होतो, आणि त्याच फेरीत त्याला प्रहारही करता येतो.

भाजल्यामुळे शारीरिक हल्ला निम्मा होतो. परंतु गट्स ही क्षमता असलेल्या कॉनकेल्डरसारख्या जीवाचा हल्ला अशा विकारात दीडपट होतो व भाजल्याची घट त्याला लागू होत नाही. म्हणून त्याच्याजवळ धारकालाच भाजवणारा फ्लेम ऑर्ब मुद्दाम दिला जातो. सर्पेरियरची कॉन्ट्ररी ही छुपी क्षमता वाढीला घट व घटीला वाढ बनवते. लीफ स्टॉर्म या जोरदार चालीनंतर विशेष हल्ला दोन टप्प्यांनी घटायचा, तो सर्पेरियरच्या बाबतीत दोन टप्प्यांनी वाढतो.

अनपेक्षित निवडीचे सर्वाधिक गाजलेले उदाहरण २०१४ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन येथे झालेल्या पोकेमॉन जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतील आहे. दक्षिण कोरियाचे से जुन पार्क यांनी आपल्या चमूत पाचिरिसू हा खारीसारखा छोटा जीव घेतला होता. त्याच्या गुणांकांची बेरीज केवळ ४०५ असल्याने त्या पातळीवर तो कोणी वापरेल अशी अपेक्षा नव्हती. मात्र विद्युत हल्ल्यांपुढे अत्यंत दुबळा असलेला ग्यारडोस त्याच चमूत होता. पाचिरिसूची फॉलो मी ही चाल सोबत्यावर येणारे हल्ले स्वतःकडे ओढून घेते आणि व्होल्ट अब्जॉर्ब ही क्षमता विद्युत हल्ल्यातून इजेऐवजी प्राणशक्ती मिळवून देते. शिवाय नझल या चालीने प्रतिस्पर्ध्याला हमखास लकवा होतो, तर सुपर फँग त्याची उरलेली प्राणशक्ती निम्मी करते. या दोन्ही चालींसाठी मोठ्या हल्ल्याची गरज नसते. पार्क यांनी ती स्पर्धा जिंकली.

पुढील बदल

विजोड मानल्या गेलेल्या काही नेमणुका निर्मात्यांनी नंतर बदलल्या. जमिनीवर उभा दिसणाऱ्या गेंगारला प्रारंभी तरंगण्याची लेव्हिटेट ही क्षमता होती. २०१६ मधील सन आणि मून या खेळांत तिच्या जागी कर्स्ड बॉडी आली व भूमी प्रकाराचे हल्ले त्याला लागू पडू लागले. रूपाशी सुसंगती वाढली, पण त्याचे एक महत्त्वाचे संरक्षण गेले.

कधी दुसऱ्याच जीवाला मिळालेल्या क्षमतेमुळे जुना दोष निष्प्रभ होतो. २०१९ मधील स्वोर्ड आणि शील्डमध्ये वीझिंगला न्यूट्रलायझिंग गॅस ही क्षमता मिळाली. वीझिंग मैदानात असेपर्यंत तिच्यामुळे जवळजवळ सर्वांच्याच क्षमता थांबतात. जोडीच्या लढतीत त्याच्यासोबत उतरलेला रेजिगिगास पहिल्या फेरीपासून पूर्ण बळाने लढू शकतो. वीझिंग बाद झाला की मात्र स्लो स्टार्टच्या पाच फेऱ्या सुरू होतात, म्हणून प्रतिस्पर्धी आधी वीझिंगला लक्ष्य करतो.

महत्त्व

जीवाचे मूल्य केवळ गुणांकांच्या बेरजेवरून ठरत नाही, हे वरील उदाहरणांवरून दिसून येते. ६७० बेरजेचा स्लेकिंग क्षमतेमुळे अडतो आणि ४०५ बेरजेचा पाचिरिसू योग्य सोबत्यामुळे जागतिक स्पर्धेत उपयोगी पडतो. तोट्याच्या क्षमतेमुळे बलाढ्य जीवांना सामान्य लढतींत स्थान देता येते. तसेच शेकडो जातींपैकी मोजक्या बलवान जातींनीच सर्व लढती व्यापू नयेत, यालाही तिचा हातभार लागतो. मात्र प्रत्येक विसंगतीमागे योजना असतेच असे नाही. स्नीझलची अडचण नियमांतून आली होती व नियम बदलल्यावर ती दूर झाली. स्लेकिंगचा आळस मात्र त्याच्या कल्पनेचाच भाग असल्याने २००२ पासून आजतागायत कायम आहे.